नवी

नवी आमच्या घरात तीसेक वर्षं राहिली आणि शेवटपर्यंत नवीच राहिली. केस पांढरे झाले, पुढचे दात पडले, माझ्या भावाची पोरं तिच्या मांडीवर वाढून शाळेत जायला लागली. तीही तिला 'नवी आजी' म्हणत. तिला खरं नाव होतं, चांगलं देवाचं होतं. पण ते रेशनकार्डावर कधी चढलं नाही, म्हणून कोणाच्या तोंडीही चढलं नाही.

तिला आणलं बाबांनी. बाबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दिसायला देखणे, कपड्यांचे शौकीन, आणि लग्नसराईचे दोन-तीन महिने कायम बाहेर. त्या वर्षी ते पांढुर्ण्याकडची लग्नं वाजवून परत आले तेव्हा सोबत क्लॅरिनेटची पेटी होती, एक पत्र्याची पेटी होती आणि पत्र्याची पेटी डोक्यावर घेतलेली ही बाई होती. आम्ही तेव्हा आंजीला राहत होतो. मी सात वर्षांची, भाऊ चारचा. माय चुलीपुढं बसली होती. तिनं वर पाहून विचारलं, "हे कोन होय?" बाबा म्हणाले, "जेवाले वाढ." मायनं दोघांनाही वाढलं, उष्टी ताटं उचलली, आणि भिंतीकडे तोंड करून जी निजली ती वीस दिवस उठली नाही.

मायचं हे असं पडणं नवीच्या आधीपासूनचं होतं. ते इथंच सांगितलेलं बरं, नाहीतर सगळा दोष नवीच्या माथी जाईल. वर्षातून दोन-तीनदा माय पडायची. बोलायची नाही, जेवायची नाही, वेणीफणी करायची नाही. गावातल्या बाया म्हणत, तिला बाहेरचं आहे. लिंबू उतरवून झाले, अंगारे झाले. आज डॉक्टर त्याला काहीतरी नाव देतील. आम्ही नुसतं म्हणायचो, माय पडली. ती पडली की भाऊ आणि मी शेंगदाणे खाऊन राहायचो, नाहीतर कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहायचो. नवी आल्यावर पहिल्यांदाच असं झालं की माय पडली होती आणि घरात गरम भाकर होती. सवत म्हणजे काय ते आम्हाला कळत नव्हतं, भाकर कळत होती. आम्ही त्याच दिवशी नवीचे झालो.

पुढच्या हंगामात बाबा बँडबरोबर गेले ते कितीतरी वर्षं परत आलेच नाहीत. मधूनमधून एखादं पोस्टकार्ड यायचं. म्हणजे आता घरात नवरा नव्हता आणि त्याच्या दोन बायका होत्या. गावातल्या शहाण्या माणसांनी मायला समजावलं की हिला हाकलून दे, हिच्या जातीपातीचा पत्ता नाही. हे नवीच्या कानावर गेलं. ती पेटी डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्यावर गेली आणि संध्याकाळी पेटीसकट परत आली. म्हणाली, "एसटी नाई आली." आंजीला दिवसातून चार वेळा एसटी यायची. माय उठून बाहेर आली. तिनं पेटी उतरवायला फक्त एका बाजूनं हात लावला.

बोरगाव मेघेला जायचं नवीनंच काढलं. गावात तिला कोणी कामाला बोलवत नव्हतं आणि मायच्यानं काम होत नव्हतं. नवी म्हणाली, "बाई, इथं आपन सवती आहो. तिकडं कोनाले काय मालूम? तिकडं बहिनी होऊ." वर्धा शहराला लागून असलेल्या त्या वस्तीत आम्ही टिनाच्या दोन खोल्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी मावसबहिणी झाल्या. नवीचा नवरा चांद्याकडच्या कोळशाच्या खाणीत असतो आणि त्याला सुट्टी मिळत नाही, असं ठरलं. आम्हाला ताकीद होती की बाहेर 'मावशी' म्हणायचं. भाऊ लहान, तो भर नळावर 'नवी, नवी' करून ओरडला. नवीनं बायांना शांतपणे सांगितलं की मी घरात सगळ्यात मागून झाली, म्हणून माहेरी मला नवीच म्हणत. लगेच सगळी वस्ती तिला नवीबाई म्हणायला लागली. खोटं बोलताना ती कधी घाईत नसायची. स्वैपाकासारखंच निगुतीनं करायची.

मावसबहिणी म्हटलं की आजी एकच पाहिजे. नवीनं आजी तयार केली. ती आजी तंबाखूची शौकीन होती, एका डोळ्यानं कमी बघायची, आणि नातींना भाकरीवर लोणी देताना बोटानं नाही तर पळीनं द्यायची. पापड लाटता लाटता नवी वस्तीतल्या बायांना आजीच्या गोष्टी सांगायची. आजीनं मावशीच्या लग्नात व्याह्याला कसं धारेवर धरलं, आजीची म्हैस कशी हरवली आणि कशी आपली आपण घरी आली. आम्ही पोरंसुद्धा ऐकत बसायचो. खोटं आहे हे माहीत असून मला ती आजी आवडायला लागली होती.

एकदा माय अशीच पडली होती. पंधरा-सोळा दिवस झाले असतील. ओट्यावर समोरच्या मास्तरीणबाई आणि आणखी दोघी-तिघी बसल्या होत्या आणि नवी सांगत होती की आम्ही दोघी बहिणी आजीच्या विहिरीवर पोहायला जायचो. आतून मायचा आवाज आला, "इहीर नोती वं. नाला होता." नवीचं लाटणं थांबलं. मग ती म्हणाली, "हो बाई, नालाच होता. इहीर मामाच्या घरची." माय उठून ओट्यावर येऊन बसली, केस सोडलेलेच होते, आणि त्या नाल्यात आपण एकदा कशा वाहून चाललो होतो ते तिनं बायांना सविस्तर सांगितलं. नवीनं आपल्याला कसं वेणीला धरून ओढलं, तेही. नवी मान हलवत होती. त्या दिवसानंतर आजीचं काम दोघींनी वाटून घेतलं. मायच्या डोक्यात नवीपेक्षा जास्त आजी होती असं मला वाटतं. ती पडायची तशीच पडत राहिली, पण लवकर उठायला लागली.

नवीचे आणखी बरेच नियम होते. माणसांशी ती मराठीत बोलायची आणि जनावरांशी व साहेबांशी हिंदीत. शेळीला 'चल हट, उधर जा' आणि राशनच्या इन्स्पेक्टरला 'साब, हमारा शक्कर किधर गया?' तिचं म्हणणं, या दोघांना मराठीत सांगितलेलं पोचत नाही. चालताना ती कधी रिकाम्या हातानं चालायची नाही. काही नसलं तर वाटेतली काडी उचलायची. रिकाम्या हाताची बाई दिसली की लोक विचारतात कुठं चालली म्हणून. काडी हातात असली की कोणी विचारत नाही.

कागदावर तिचा विश्वास नव्हता. तिला स्वतःला वाचता येत नसे. पण एका माणसानं वाचून दाखवलेलं ती खरं धरायची नाही. कुठलंही पत्र किंवा नोटीस आली की ती तिघांकडून वाचून घ्यायची. आधी माझ्याकडून, मग किराणावाल्या शेटजींकडून, शेवटी मास्तरीणबाईंकडून. तिघांचं जुळलं तर खरं. शेटजी चिडायचे. "नवीबाई, आम्ही का खोटं वाचतो?" ती म्हणायची, "तुमी नाई वाचत. कागदच एकेकाले अलग सांगते."

आणखी एक गोष्ट होती, ती मला तेव्हा नुसती गमतीची वाटायची. हळदीकुंकवाला नवी जायची, वाण घ्यायची, पण नाव घ्यायची वेळ आली की ती गायब. कधी दूध चुलीवर आहे, कधी शेळी सुटली आहे. बायांनी एकदा दारच अडवलं. तर म्हणाली, तो खाणीतून येईपर्यंत नाव घेणार नाही असं मी देवापुढं बोलली आहे. त्यामुळं वस्तीत तिची इज्जत आणखीच वाढली. घरोघर पापड, कुरड्या, सरगुंडे करायला तिलाच बोलावणं यायचं. सोवळ्याओवळ्याच्या घरांतसुद्धा तिला थेट चुलीपर्यंत जाता येई, कारण ती मायची बहीण, म्हणजे चांगल्या घरची. आमचं सगळं पोट त्या नात्यावर चाललं होतं.

मी नववीत होते तेव्हा बाबांचं कार्ड आलं. नेहमीप्रमाणे आधी मी वाचलं. खुशाली, बँड, आणि येत्या आठवड्यात येतो. त्यात आणखी दोन ओळी होत्या. समुद्रपूरचं एक चांगलं स्थळ आहे, पोरीला पाहायला माणसं सोबत आणतो, पसंत पडली तर लगेच साक्षगंध उरकून घेऊ. त्या दोन ओळी मी गाळल्या. का गाळल्या ते मला नीट सांगता येणार नाही. लाज वाटली, भीतीही वाटली. नवी म्हणाली, "इतलंच?" मी हो म्हटलं. ती कार्ड घेऊन शेटजींकडे गेली, तिथून मास्तरीणबाईंकडे. परत आली आणि विळी घेऊन भाजी चिरायला बसली.

बाबा पाहुण्यांच्या दोन दिवस आधी एकटेच आले. मुलगा म्हणजे बँडच्या मालकाचा पुतण्या. समुद्रपूरला त्याचं दुकान होतं. वय चौतीस, पहिली बायको वारलेली, दोन पोरं. थोरला सहावीत होता, म्हणजे माझ्याहून तीन वर्गांनी खाली. हे स्थळ झालं की बाबा बँडचे मास्तर होणार होते. मला लग्न म्हणजे अगदी नकोच होतं असं मी म्हणणार नाही. साडी येणार म्हणून मी आतून थोडी हुरळलेही होते. पण तो सहावीतला मुलगा मला आई म्हणणार, हे डोळ्यांपुढं आलं आणि मी न्हाणीत जाऊन रडले. मला शाळा आवडत होती. नववीत मी वर्गात दुसरी होते आणि पहिली यायचं माझ्या मनात होतं.

नवीनं आधी मायला सांगून पाहिलं. माय म्हणाली, "त्यायनं ठरवलं. मी काय बोलू?" एवढ्या वर्षांनी नवरा घरात जेवायला बसला होता, आणि मायला तो पुन्हा उठून जायला नको होता. मग नवी बाबांशी बोलली. मी आतल्या खोलीत दप्तर मांडून बसले होते. नवी म्हणाली, "पोट्टी शिकून राह्यली. दहावी होऊ द्या तिची. मंग करा." बाबा म्हणाले, "तू कोन बोलनारी? या घरात तुहं नातं काय?" नवी चुलीकडे वळली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, पाहुण्यांना गोड काय करू. बाबा म्हणाले, शिरा.

पाहुणे आले. मुलाची आई, मामा, मुलगा आणि आणखी दोघं. मला पाहिलं, दोन प्रश्न विचारले, आणि पसंत पडली असं मामानं पोहे खाता खाताच सांगून टाकलं. साडी सोबतच आणली होती. स्वैपाक नवीनं केला होता आणि तो नेहमीसारखाच उत्तम झाला होता. मामानं शिरा दोनदा मागून घेतला. जेवणं झाल्यावर मला पाटावर बसवलं. पाच सवाष्णींनी ओटी भरायची आणि मग मुलाच्या आईनं कुंकू लावायचं, असं ठरलं. माय होती, मास्तरीणबाई होत्या, वस्तीतल्या दोघी होत्या. पाचवी ठरलेली बाई ऐनवेळी बाहेरची झाली. मास्तरीणबाईच म्हणाल्या, अहो, मावशी आहे ना घरात, तिचे मालक नोकरीवर आहेत, ती पाचवी.

मुलाची आई म्हणाली, आमच्याकडं ओटी भरताना पाची जणी नाव घेतात. मास्तरीणबाईंनी चांगलं यमक जुळवून घेतलं, त्या दोघींनीही घेतलं. मायनं घेतलं ते इतक्या हळू की मला पाटावर ऐकू आलं, बाकी कोणाला आलं असेल असं वाटत नाही. मग नवी पुढं आली. मला वाटलं, आता दूध उतू जाणार. ती माझ्यापुढं बसली, ओटीत तांदूळ घातले, नारळ ठेवला आणि नाव घेतलं. यमक नाही, काही नाही. शाळेच्या दाखल्यावर लिहितात तसं बाबांचं पुरं नाव, त्यांच्या वडलांच्या नावासकट, आडनावासकट.

बाया हसल्या. मुलाची आईही हसली. म्हणाली, "अवं, हे तं तुह्या बहिनीच्या मालकाचं झालं. तुह्या मालकाचं घे."

"माह्या मालकाचंच घेतलं," नवी म्हणाली. "मी यायची पाटाची बायको होय. आमी बहिनी नाई, सवती आहो. या पोरीचा बाप इचारून राह्यला होता का या घरात तुहं नातं काय, म्हनून सांगितलं."

बाबा हिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे असं काहीतरी म्हणायला लागले. मामानं त्यांना हातानं थांबवलं आणि नवीला तिची जात विचारली. तिनं सांगितली. कोणती ते मी इथं लिहीत नाही, विचारली गेली एवढं पुरे. मग मामानं विचारलं, स्वैपाक कोणी केला. ती म्हणाली, मीच. मामा उठून मोरीवर गेला आणि खळखळून चुळा भरू लागला. दोनदा मागून घेतलेला शिरा चुळांनी कुठं जातो! पण तो भरत राहिला. मुलाच्या आईनं साडी पिशवीत परत घातली. पाच मिनिटांत पाहुणे रस्त्याला लागले आणि त्यांची समजूत घालायला म्हणून बाबा एसटी स्टँडकडे धावले. ते दोन वर्षांनी परत आले.

वस्तीतल्या बायाही उठल्या. मास्तरीणबाई सगळ्यात शेवटी गेल्या, कुंकू न लावून घेताच. खोलीत आम्ही तिघी राहिलो. मी अजून पाटावर होते, ओटीत नारळ होता. मला वाटलं, माय आता पडणार. माय बराच वेळ दाराकडे बघत बसली. मग म्हणाली, "आजी गेली वं आपली."

"जाऊ द्या, बाई," नवी म्हणाली. "म्हातारी होती."

माय हसली का रडली ते मला सांगता येत नाही, दोन्ही झालं असावं. पण त्या खेपेला ती पडली नाही. दुसऱ्या दिवशी भाकरी तिनंच थापल्या.

थापाव्याच लागल्या, कारण नवी सकाळीच पापडांना गेली होती. तिला एका दारातून, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या दारातून परत पाठवलं. कोणी भांडलं नाही. पीठ भिजवलंच नाही म्हणाले, सून माहेराहून येणार आहे म्हणाले. मास्तरीणबाईंनी दार उघडलंच नाही. नवी नऊच्या आत घरी आली. येताना हातात काडी होती, ती तिनं चुलीत घातली. पुढं कापसाचा हंगाम लागल्यावर ती जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायला लागली आणि पुढची कितीतरी वर्षं केसांत कापसाचे तंतू घेऊन घरी येत राहिली. पापड तिनं पुन्हा फक्त आमच्यासाठी लाटले.

पण त्या दिवशी तिला कुठंच जायचं नव्हतं. म्हणून ती मला शाळेत सोडायला निघाली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "घरी बसून काय करू? चाल, दप्तर दे." बोरगावहून शाळा पायी अर्ध्या तासावर होती. खरं तर मी तिच्या पाया पडायला हवं होतं. ती नसती तर त्या वर्षातच मी समुद्रपूरला दोन पोरांची आई झाले असते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी तिच्यापासून चार पावलं पुढं चालत होते.

शाळेच्या फाटकाशी वर्गातल्या चार-पाच मुली उभ्या होत्या. त्यातली एक मास्तरीणबाईंची भाची. ती शहरात राहायची, नवीला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. त्या आधीच काहीतरी बोलत होत्या आणि मला पाहून थांबल्या. मग भाचीनं विचारलं, "काऊन वं, तुमच्या घरी दोन माया आहेत म्हनते?" दुसरीनं नवीकडे बोट केलं. "हे कोन होय तुही?"

मी म्हटलं, "ती कामवाली आहे. आमच्याकडं भांडे घासते."

नवी तोवर माझ्यामागं येऊन पोचली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. खांद्यावरचं दप्तर काढून दोन्ही हातांनी पुढं धरलं, मान खाली घातली आणि म्हणाली, "घ्या ताई, तुमचं दप्तर. मी जाऊ का आता?"

मी म्हटलं, "जा."

ती गेली. मुलींना पटलं. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटलं ते सुटल्यासारखंच. घंटा झाली आणि मी वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसले.